गणवेशाची किंमत कोण मोजतो?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला आता ‘विजयदुर्ग’ म्हणतात. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याचे नाव बदलल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वांना कळले. त्याच वेळी आणखी दोन बदल समोर आले. आवारातील ‘किचनर हाउस’ आता ‘माणेकशॉ हाउस’ झाले आहे आणि दक्षिणेकडील ‘सेंट जॉर्जेस गेट’ला ‘शिवाजी गेट’ असे नाव मिळाले आहे. मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ मध्ये ज्या शहराने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला, त्याच शहरातील किल्ल्याच्या दरवाजावर आज शिवाजी महाराजांचे नाव आहे. सिंधुदुर्गातला मूळ विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांकडून जिंकून घेणाऱ्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीच पुढच्या जानेवारीत सिराज उद्दौल्याकडून कलकत्ता परत घेतले. या किल्ल्याला ते नाव देण्यात इतिहासाचा एक हिशेब पुरा झाला, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

वसाहतकाळाच्या खुणा पुसाव्यात की जपाव्यात, हा वाद नामांतरानंतर रीतसर झाला. मला त्यात शिरायचे नाही. माझे लक्ष वेधले ते पाटीवरून उतरलेल्या किचनर यांच्या नावाने. भारताचे सरसेनापती म्हणून १९०२ ते १९०९ अशी सात वर्षे इथे काढण्याआधी हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लढत होते. तिथे त्यांनी शत्रूच्या गणवेशाबाबत जो हुकूम दिला, त्यातून उभा राहिलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. पठाणकोट आणि पहलगाम पाहिलेल्या देशाला तो परका वाटू नये. प्रश्न असा : शत्रूचा गणवेश अंगावर चढवून त्याला फसवणे ही युद्धातली हुशारी, की युद्धातला गुन्हा? आणि त्याचे उत्तर भारताने कुठे लिहून ठेवले आहे का?

खाकीतले बोअर

१९०१ पर्यंत बोअरांचे युद्ध गनिमी काव्याचे झाले होते. त्यांना आसरा मिळू नये म्हणून किचनर यांच्या फौजांनी शेतघरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. बोअर लढवय्यांना धड गणवेश कधीच नव्हता, आता अंगावर घालायला कपडेही उरले नाहीत. पकडलेल्या ब्रिटिश सैनिकाचे कपडे उतरवून घ्यायचे आणि त्याला सोडून द्यायचे, हा त्यांचा परिपाठ झाला. १७ सप्टेंबर १९०१ रोजी केप वसाहतीत एलँड्स नदीजवळ यान स्मट्स यांच्या तुकडीने ब्रिटिशांच्या १७व्या लान्सर्स पथकाची दाणादाण उडवली. काही बोअरांच्या अंगावर खाकी होती. त्यामुळे ते आपलेच लोक आहेत असा ब्रिटिशांचा समज झाला आणि तो त्यांना महागात पडला. हे स्मट्स म्हणजे ज्यांच्याशी गांधीजींनी पुढे दक्षिण आफ्रिकेत दीर्घ झुंज दिली तेच.

फसवण्यासाठी ब्रिटिश गणवेश घातलेला बोअर सापडला तर त्याला गोळ्या घालाव्यात, असा किचनर यांचा हुकूम होता आणि त्यानुसार अनेकांना प्राण गमवावे लागले. स्मट्स यांच्या तुकडीतील तरुण डेनिस राइट्स याने लान्सर्सचाच कोट घातला होता. अशा हुकुमाची आपल्याला गंधवार्ताही नव्हती, असे त्याने नंतर आठवणींत लिहिले. म्हणजे ज्या नियमासाठी माणसे मारली जात होती, तो नियम ज्यांच्यावर लागू व्हायचा त्यांना ठाऊकच नव्हता. शिवाय १८९९ च्या हेग करारात बोअर प्रजासत्ताके पक्षकारही नव्हती. उलट बाजूने पाहा. ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे ‘ब्रेकर’ मोरांट आणि हँडकॉक या दोन अधिकाऱ्यांना बंदिवानांना ठार केल्याबद्दल फेब्रुवारी १९०२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मारलेल्या एका बोअराच्या अंगावर आपल्या कॅप्टनचे कपडे होते, हा मुद्दा त्यांच्या बाजूने मांडला गेला होता. त्यांच्या मृत्युदंडावर शिक्कामोर्तब करणारे पुन्हा किचनरच होते.

या प्रकरणाचा बोध माझ्या मते साधा आहे. नियम संदिग्ध असला की त्याचा अर्थ बंदूक ज्याच्या हाती असेल तो लावतो, आणि सकाळी लावलेला अर्थ संध्याकाळी बदलू शकतो.

एका विशेषणाची गोष्ट

हेग नियमावलीने शत्रूचा ध्वज, लष्करी चिन्हे आणि गणवेश यांच्या ‘अनुचित’ वापरास मनाई केली. १८९९ मध्ये आलेली ही तरतूद १९०७ मध्येही कायम राहिली. त्याच नियमावलीच्या पुढच्या कलमाने युद्धातील डावपेच, म्हणजे शत्रूला चकवणे, वैध ठरवले. मग उचित वापर कोणता? नियमावलीने ते सांगितले नाही.

त्याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. डिसेंबर १९४४ मध्ये आर्डेनच्या जंगलात ओटो स्कोर्झेनी या जर्मन अधिकाऱ्याने इंग्रजी बोलणारे सैनिक अमेरिकी गणवेशात शत्रूच्या पिछाडीला घुसवले. काही पकडले गेले. अमेरिकनांनी त्यांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. खुद्द स्कोर्झेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांवर १९४७ मध्ये दाखाऊ येथे अमेरिकी लष्करी न्यायालयात खटला चालला आणि सर्व जण निर्दोष सुटले. आम्हीही शत्रूचे गणवेश वापरले होते, अशी साक्ष यो-थॉमस या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच बचाव पक्षातर्फे दिली. न्यायालयाने निकालाची कारणे दिली नाहीत. तरी त्यातून एक व्यवहारसूत्र सर्वत्र रूढ झाले. शत्रूच्या गणवेशात त्याच्या मुलखातून वाट काढता येईल, निसटताही येईल, पण गोळी झाडण्यापूर्वी तो उतरवला पाहिजे.

समुद्रावर हेच सूत्र फार जुने आहे. युद्धनौकेने परका ध्वज लावून जवळ जावे, मात्र तोफ डागण्यापूर्वी आपला खरा ध्वज चढवावा. १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागून खळबळ उडवणारी जर्मन युद्धनौका एम्डेन महिन्याभराने पिनांगच्या बंदरात शिरली ती खोटे चौथे धुराडे लावून. मारा सुरू करण्याआधी तिने जर्मन ध्वज उभारला होता. शत्रू बेसावध राहिला हा त्याचा दोष, पण समोर कोण आहे हे अखेरच्या क्षणी तरी त्याला कळलेच पाहिजे, असा या नियमामागचा विचार आहे.

१९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने ही सूट बरीच आवळली. त्याच्या ३९व्या कलमानुसार हल्ला करताना तर नाहीच, पण लष्करी हालचाली झाकण्यासाठी, त्यांना साह्य करण्यासाठी किंवा शत्रूच्या हालचालींत अडथळा आणण्यासाठीही त्याचा गणवेश वापरता येत नाही. हेरगिरी आणि सागरी युद्ध यांचे नियम मात्र त्याने जसेच्या तसे ठेवले. हे बंधन कॅनडालाही जाचक वाटले. हल्ल्याव्यतिरिक्तच्या वापरावरील बंदी आपण मानणार नाही, असे त्या देशाने मान्यता देतानाच लिहून दिले. प्रोटोकॉल पावणेदोनशेच्या आसपास देशांनी स्वीकारला आहे. भारताने त्यावर सहीसुद्धा केलेली नाही. पाकिस्तानने सही केली, पण मान्यता दिलेली नाही.

तीन सोंगे, तीन मोजमापे

सर्व वेषांतरे कायद्याने एका तागडीत तोललेली नाहीत, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत सहसा निसटते. सोंग तीन प्रकारचे असते. एक शत्रूसैनिकाचे, दुसरे सामान्य नागरिकाचे आणि तिसरे डॉक्टर, रेड क्रॉस किंवा संयुक्त राष्ट्रांचे.

यात पहिले सर्वांत कमी घातक. शत्रूसैनिकाच्या वेशात आलेला माणूस कायद्याच्या कोणत्याही संरक्षणाचा गैरफायदा घेत नाही. शत्रूसैनिकावर गोळी झाडण्यास बंदी नसतेच. ओळखण्यात चूक झाली तर ती सैनिकाची सैनिकाबाबत होते. म्हणून प्रोटोकॉलनेही त्याला मनाई केली, पण ‘विश्वासघात’ या गंभीर सदरात टाकले नाही. दुसरे आणि तिसरे सोंग घेऊन मात्र कोणी शत्रूला ठार केले, जखमी केले किंवा पकडले, तर तो सरळ विश्वासघात होतो. शेतकऱ्याच्या वेशातल्या माणसाने एकदा गोळी झाडली की पुढचा प्रत्येक शेतकरी संशयित ठरतो. रुग्णवाहिकेतून एकदा बंदूकधारी उतरले की पुढची रुग्णवाहिका नाक्यावर अडते आणि आतला रुग्ण दगावतो. किंमत मोजणारा तिसराच असतो.

मोह मात्र सर्वांनाच होतो. कोलंबियाच्या सैन्याने जुलै २००८ मध्ये रक्ताचा थेंबही न सांडता ओलिसांची सुटका केली, तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. त्या मोहिमेत रेड क्रॉसचे चिन्ह वापरले गेल्याची कबुली नंतर राष्ट्राध्यक्षांना द्यावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायली जवान डॉक्टर, परिचारिका आणि सामान्य स्त्रियांच्या वेशात जेनिनच्या इब्न सिना रुग्णालयात शिरले आणि त्यांनी तिघांना ठार केले. ते तिघे अतिरेकी होते, असे इस्रायलचे म्हणणे. ते खरे मानले तरी त्या दिवसानंतर पांढऱ्या कोटातील माणसाकडे तिथले लोक कोणत्या नजरेने पाहतील, हा प्रश्न शिल्लक राहतो.

इथे महाराष्ट्रातील वाचकांना लाल महाल आठवेल. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी पुण्यात शिरले आणि शाइस्ताखानाच्या मुक्कामावर त्यांनी छापा घातला. आपण मोगल फौजेतलेच दख्खनी शिपाई असून नेमलेल्या जागी निघालो आहोत, असे त्यांच्या माणसांनी पहारेकऱ्यांना सांगितल्याचे बंगालचे इतिहासकार सर जदुनाथ सरकार लिहितात. लग्नाच्या वरातीची कथा खाफीखानाने दिली आहे. १९७७ चे मोजमाप १६६३ ला लावणे हास्यास्पद ठरेल आणि मला ते करायचेही नाही. या उदाहरणातून दिसते ते एवढेच की बलाढ्य फौजेपुढे संख्येने थोड्या असलेल्यांना चकवा हेच शस्त्र असते. युद्धाच्या कायद्याने ते कधीच पूर्णपणे हिरावून घेतले नाही. चकव्याचा भुर्दंड लढणाऱ्यांनीच सोसावा, न लढणाऱ्यांवर तो पडू नये, एवढीच त्याची अपेक्षा राहिली.

विजयदुर्गाच्या दोन आठवणी

भारताने या विषयावर मौन का पाळले, याचे उत्तर मला याच किल्ल्याच्या इतिहासात दिसते. १९७१ चे पूर्वेकडील युद्ध इथूनच चालवले गेले. लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा विभागप्रमुख होते आणि मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब त्यांचे चीफ ऑफ स्टाफ. मुक्तिवाहिनीला शिक्षण, शस्त्रे आणि दिशा देणाऱ्या ‘ऑपरेशन जॅकपॉट’ची सूत्रे इथूनच हलत होती. मुक्तिवाहिनीतील ईस्ट बंगाल रेजिमेंटच्या सैनिकांकडे गणवेश होते, पण गावोगावच्या हजारो तरुणांकडे लुंगी-गंजीखेरीज काही नव्हते. ऑगस्ट १९७१ मध्ये चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील जहाजे सुरुंग लावून बुडवणारे नौकमांडो रात्रीच्या अंधारात पोहत गेले होते. पाकिस्तानी सैन्याच्या लेखी ही सारी माणसे केवळ ‘दुष्कृतिकारी’ होती. युद्धकैद्याचे हक्क त्यांना मिळाले नाहीत.

त्याच वर्षाची दुसरी आठवण पाहा. १६ डिसेंबरला ढाक्यात लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी शरणागती पत्करली. शरण आलेल्यांना जिनिव्हा करारांनुसार सन्मानाने वागवले जाईल, अशी अरोरा यांची हमी त्या दस्तऐवजातच लिहिलेली आहे. काही दिवसांतच नियाझी यांना फोर्ट विल्यममध्ये आणण्यात आले. पूर्व बंगालमधील नरसंहाराचा संताप ताजा असतानाही भारताच्या ताब्यातील सुमारे ९३ हजार कैद्यांना त्या हमीचे कवच मिळाले आणि पुढे ते मायदेशी परतले. ज्यांच्या फौजेने लुंगीतल्या तरुणांना कैदी मानले नाही, तो सेनापती आपल्या गणवेशामुळे याच किल्ल्यात सुरक्षित राहिला.

म्हणजे १९७१ मध्ये गणवेश नसलेल्या लढवय्याला संरक्षण मिळणे आपल्या हिताचे होते. त्याच्या आधी आणि नंतर पश्चिमेकडे मात्र परिस्थिती नेमकी उलटी होती. ऑगस्ट १९६५ च्या ‘ऑपरेशन जिब्राल्टर’मध्ये पाकिस्तानने साध्या वेशातील सैनिक काश्मिरात घुसवले. १९९९ मध्ये नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान ‘मुजाहिदीन’ म्हणून कारगिलच्या शिखरांवर बसवले. मुजाहिदीन ठरवल्यामुळे पाकिस्तानने त्यांचे मृतदेहही स्वीकारले नाहीत. अनेकांचे दफन भारतीय जवानांनीच त्यांच्या धर्मानुसार केले. या लढाईत पडलेल्या ४५३ जणांची नावे पाकिस्तानी लष्कराने आपल्या संकेतस्थळावर दिली ती २०१० मध्ये, अकरा वर्षांनी. गणवेश काढून घेतलेल्या सैनिकाची पहिली फसवणूक त्याचेच सरकार करते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

पहिल्या प्रोटोकॉलने गनिमांसाठी गणवेशाची अट सैल केली. साध्या वेशातील घुसखोरांना तोंड देणाऱ्या भारताला ती सवलत मान्य होण्यासारखी नव्हती. त्या कराराबाहेर राहण्याचा निर्णय म्हणून समजण्यासारखा आहे. पण करार न स्वीकारणे आणि स्वतःची भूमिकाच न मांडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला गणवेश, त्यांचे अंग

गेल्या पाव शतकात या प्रश्नाने आपल्याकडे तिसरेच रूप घेतले आहे. १४ मे २००२ रोजी जम्मूजवळ कालूचक येथे भारतीय लष्कराच्या गणवेशातील दहशतवादी आधी बसमध्ये चढले आणि मग जवानांच्या कुटुंबांच्या वसाहतीत शिरले. तीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत जवानांच्या बायका आणि मुले होती. सप्टेंबर २०१३ मध्ये हिरानगर आणि सांबा, जुलै २०१५ मध्ये दीनानगर, जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट, या प्रत्येक ठिकाणी हल्लेखोरांच्या अंगावर लष्करी पोशाख होता. दहशतवादी युद्धाचे नियम पाळतील, अशी अपेक्षा कोणी करत नाही. वेष कोणताही असो, त्यांचे कृत्य खूनच आहे. तरीही वेषामुळे एक निराळी हानी होते आणि ती हल्ला संपल्यावरही उरते.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांची हत्या झाली. हल्लेखोरांचे कपडे लष्करी धाटणीचे होते, असे बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितले. त्यानंतर मदतीला धावलेल्या भारतीय जवानांना पाहून काही स्त्रिया भीतीने किंचाळल्या, मुलांना पाठीशी घालून हात जोडू लागल्या. आम्ही भारतीय सैन्याचे आहोत, तुमच्यासाठी आलो आहोत, असे जवानांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. ते दृश्य देशभर पाहिले गेले. आपल्याच सैनिकाला पाहून आपल्याच नागरिकाला धडकी भरावी, हे त्या सोंगाचे यश होते. तेवढ्या वेळापुरता गणवेशाचा अर्थ पुसला गेला. रात्री नाक्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची अडचण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. समोरून गणवेशात येणारा आपला आहे की परका, या विचारात तो क्षणभर थबकला तर स्वतः मरतो आणि थबकला नाही तर कदाचित आपल्याच माणसाला मारतो.

यावर आपली उपाययोजना काय आहे? लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आणला. त्याचे नक्षीकाम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झाले. बाजारात नक्कल विकली जाऊ नये म्हणून त्याच्या बौद्धिक संपदेची नोंदणी झाली, आणि योगायोग असा की ती कोलकात्याच्याच पेटंट व डिझाइन कार्यालयात झाली. पाऊल योग्य आहे, पण त्याची धाव कापड दुकानापर्यंतच. डिझाइनचा हक्क फार तर पंधरा वर्षे टिकतो आणि सीमेपलीकडे शिवलेला सदरा कोणत्याही नोंदणीला भीक घालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमात सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा पोशाख घालणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत दंड पाचशे रुपये होता. दीड शतकानंतर झालेल्या कायदेबदलात रकमेपलीकडे आपण फारसा विचार केला नाही.

लिहून ठेवावे असे काही

भारताने प्रोटोकॉल तातडीने स्वीकारावा, असे मी सुचवणार नाही. त्यातील गनिमांविषयीच्या तरतुदींबद्दलचे आक्षेप आजही वाजवी आहेत. पण तीन गोष्टी करारावाचूनही करता येतात.

पहिली, युद्धनियमांबाबतची आपली भूमिका छापून प्रसिद्ध करावी. ब्रिटनने २००४ मध्ये आणि अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या सैन्यासाठी असे सविस्तर ग्रंथ सर्वांसाठी खुले केले. नागरिकाला, पत्रकाराला, परदेशी सरकारला हातात घेऊन वाचता येईल असा त्या तोडीचा भारतीय ग्रंथ नाही. शत्रूच्या गणवेशात आम्ही लढणार नाही, एवढे एक वाक्य जाहीरपणे लिहिले तरी उद्या आपल्या गणवेशात लढणाऱ्या परकीय सैन्याला जाब विचारण्याचा नैतिक आणि कायदेशीर आधार मिळतो. हेग नियमावलीतील ते ‘अनुचित’ विशेषण रूढीने सर्वांनाच बांधते. आपण त्याचा कोणता अर्थ लावतो, हे तरी आपणच सांगायला हवे.

दुसरी, न लढणाऱ्यांच्या वेषाबाबत निर्विवाद रेषा आखावी. देशांतर्गत दहशतवादविरोधी मोहिमांत वेषांतर होते, हे गुपित नाही. मेजर मोहित शर्मा यांनी २००४ मध्ये ‘इफ्तिखार भट’ बनून दहशतवाद्यांच्या गोटात शिरण्याचे जे धाडस केले, त्याचा देशाला अभिमान आहे. एकट्या माणसाने जिवावर उदार होऊन शत्रूच्या गोटात शिरणे हा हेरगिरीचा जुना मार्ग आहे, त्याचा धोकाही तो स्वतःच पत्करतो. डॉक्टर, आरोग्यसेविका, पत्रकार किंवा मदत संस्थेचे कार्यकर्ते बनून हल्ला करणे निराळे. त्याचा धोका गावोगाव खरोखरच ते काम करणाऱ्यांच्या माथी येतो. ही रेषा शौर्याच्या आड येत नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणातच सांगितले जावे.

तिसरी, घरातला कायदा नेमका करावा. हौसेने लष्करी नक्षीची पँट घालणारा महाविद्यालयीन मुलगा आणि खून करण्यासाठी जवानाचा गणवेश मिळवणारा यांच्यात फरक करणारी तरतूद हवी. पठाणकोटनंतर लष्कराने नागरिकांना आणि दुकानदारांना असे कपडे टाळण्याचे आवाहन केले होते. आवाहनाची आठवण दोन महिने टिकते. हल्ल्यासाठी किंवा हल्लेखोराला पुरवण्यासाठी गणवेश बनवणे, विकणे आणि बाळगणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा ठरायला हवा. त्याच वेळी निव्वळ पोशाखावरून गरीब हमालाला किंवा सीमाभागातील गुराख्याला कोठडीत टाकता येणार नाही, याचीही काळजी त्या तरतुदीने घ्यावी.

प्रतिपक्ष नियम पाळत नसताना आपण हात बांधून का घ्यावेत, असे यावर विचारले जाईल. हा प्रश्न फेटाळण्यासारखा नाही. पण गणवेशाचा नियम शत्रूवर उपकार म्हणून पाळायचा नसतो. आपला सैनिक उद्या शत्रूच्या हाती सापडला, तर तो चोर किंवा हेर नसून सैनिक आहे, हे सांगणारी एकमेव गोष्ट त्याच्या अंगावरचा गणवेश असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले, तेव्हा जिनिव्हा करारांनुसार त्यांना वागवा, असे आपण पहिल्या तासापासून ठामपणे म्हणू शकलो, कारण ते गणवेशात होते. याउलट १९६५ मध्ये सिंगापूरच्या मॅकडोनल्ड हाउसमध्ये साध्या वेशात बॉम्ब ठेवणाऱ्या दोन इंडोनेशियन नौसैनिकांचा युद्धकैदी असल्याचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तिथे फेटाळला गेला आणि १९६८ मध्ये ते फासावर गेले.

नाव बदलणे सोपे असते, त्याला एक आदेश पुरतो. किचनर यांचे नाव त्या वास्तूवरून गेले हे बरेच झाले. नियमाचा अर्थ सेनापतीच्या मर्जीवर सोडण्याची त्यांची पद्धत मात्र आपल्या मौनात अजून शाबूत आहे. तिच्या जागी एक लिखित नियम आला, तर त्या वास्तूला माणेकशॉ यांचे नाव देण्याला खरा अर्थ येईल. १९७१ च्या कैद्यांना सैनिकाच्या मानाने वागवले गेले, तेव्हा लष्करप्रमुख माणेकशॉच होते. त्या वर्षी एका सेनापतीच्या शब्दाने जे साधले, ते पुढच्या वेळी त्या शब्दावर अवलंबून राहू नये.